वेळेवर आलेली पॅसेंजर

मार्च लागला की मी घरातून दहा मिनिटं आधी निघते. कामावर लवकर पोचायचं म्हणून नाही, स्टेशनच्या पुलावर थोडं थांबता यावं म्हणून.

जालन्यात माझं घर स्टेशनच्या एका अंगाला आहे आणि मी ज्या बियाणांच्या कंपनीत काम करते तिची बस दुसऱ्या अंगाला येते. मधे रूळ, आणि रुळांवरून पादचारी पूल. इतर दिवसांत मी हा पूल कसा ओलांडते ते मलाही कळत नाही. खांद्याला डबा, डोक्यात घर, की आलीच पलीकडं. परीक्षेचे दिवस आले की मात्र पुलाच्या मधोमध पाय आपोआप थांबतात. कठडा धरून मी परतूरच्या दिशेला बघत राहते. एवढी पस्तिशीची बाई, एका पोराची आई, प्रयोगशाळेत चार माणसं हाताखाली, आणि छाती अशी धडधडते की जसं काय हॉल तिकीट माझ्याच पर्समध्ये आहे!

आधी रूळ बोलायला लागतात. मग लांब वळणावर गाडीचं तोंड दिसतं. माझ्या वेळेला डिझेलचं इंजिन होतं, त्याचा धूर दोन मिनिटं आधी वर्दी द्यायचा. आता वर तारा आल्यात आणि गाडी गुपचूप येऊन उभी राहते. पण ती पुरती थांबायच्या आतच दारांतून माणसं सांडायला लागतात, त्यात काही बदल नाही. कोर्टातले कारकून, बँकेतल्या मॅडम, लोखंडाच्या कारखान्यातले मजूर, हातात रिकामे कॅन घेऊन धावणारे दूधवाले, डोक्यावर मोसंबीची पोती घेतलेल्या बाया. जे स्टेशन आत्ता पेंगत होतं त्याचा तीन मिनिटांत आठवडी बाजार होतो, आणि आणखी तीन मिनिटांत तो बाजार उठतोही. मागे उरतो मोसंबीच्या सालींचा वास, तापायला लागलेल्या पत्र्याचा वास, आणि चुकून खाली पडलेली एखादी पेन्सिल.

त्या लोंढ्यात परीक्षेची पोरंपोरी मला वरूनच ओळखू येतात. त्यांचे ओठ हलत असतात. पाय रस्ता शोधतात आणि डोळे दुसरीकडंच कुठंतरी, पान क्रमांक अमुकवर. परवा एक पोरगी जिना चढता चढता मधल्याच पायरीवर थांबली आणि वही उघडून वाचायला लागली. सगळी गर्दी तिच्या दोन्ही बाजूंनी वाट काढून निघाली. कुणी रागावलं नाही. एक म्हातारा दूधवाला तेवढं म्हणाला, "वाच बाई वाच, आमचं काय, आम्ही फिरून जातो." मी वरून बघत होते. मला इतका आनंद झाला की मी ओरडले, "टाइम हाय गं अजून! वाच!" तिनं वर बघितलं. बहुतेक तिला वाटलं असेल, ही बाई येडी आहे. असू दे.

मी अप-डाऊन केलेली बाई आहे. तीन वर्षं. परतूर ते जालना, जालना ते परतूर. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. आजोबांनी मेंढरं राखली. वडील, म्हणजे आमचे आबा, लहानपणी मेंढरांमागं फिरले, मग मेंढरं विकून दोन एकर काळी घेतली आणि गहू-कापसाच्या नादी लागले. त्यांची थोरली पोरगी बी.एस्सी. वनस्पतिशास्त्र. मला आजही ओल्या कागदाच्या गुंडाळीत शंभर दाणे ठेवून आठव्या दिवशी किती उगवले ते बघताना मधेच हसू येतं, की बाई, तू कुठून कुठं आलीस, आणि तेही पॅसेंजरनं!

आमचा एक डबा ठरलेला होता, इंजिनापासून तिसरा. त्याच्यावर कुठं काही लिहिलेलं नव्हतं, पण परतूर-सेलूच्या अप-डाऊनवाल्यांचा तो डबा, हे तिकीट तपासनीसालाही ठाऊक होतं. वर्षभर त्या डब्यात काय नसायचं! भाजी निवडणं, पत्ते, सासवांच्या तक्रारी, भजनं, राजकारण, हळदीकुंकू, सगळं. दोन बाकांवरचे लोक बोलले तर चार बाकांवर ऐकू जायचं. पण पहिला पेपर लागला की तो डबा मुका व्हायचा.

हा त्या डब्याचा रिवाज होता आणि तो कुणी सुरू केला ते कुणालाच माहीत नव्हतं. परीक्षेच्या पोरापोरींना खिडक्या सोडायच्या. मोठ्यानं बोलायचं नाही. पत्ते बंद, भजन बंद. फुटाणेवाले चाचा बाकीच्या डब्यांत गळा फाडून ओरडत यायचे आणि आमच्या दारात पाय ठेवला की नुसत्या भुवया उडवायचे, पाहिजे का? आपण बोटानं एक दाखवायचं. पुडी हातात. आणि सगळ्यात कडक नियम हा, की शेवटचा पेपर होईपर्यंत कुणालाही 'कसा गेला' म्हणून विचारायचं नाही. एकदा नव्यानंच अप-डाऊन सुरू केलेल्या एका तलाठी साहेबांनी मला विचारलं, तर सगळ्या डब्यानं त्यांच्याकडं असं बघितलं की ते पुढच्या स्टेशनला उतरून दुसऱ्या डब्यात जाऊन बसले.

या मुक्या डब्याच्या ठाणेदार म्हणजे नसीम आपा. त्या सेलूहून चढायच्या, जालन्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. उंच, सावळ्या, पायात पांढरे बूट. त्यांचा मोठा धाक. मी खिडकीतून जरा बाहेर बघायला लागले की मागून दबका आवाज यायचा.

"ए टी.वाय.! नजर किताबात. बाहेर काय, तुझा पेपर उगवलाय का?"

"आपा, पाठ करून राह्यले मनातल्या मनात."

"मनातल्या मनात काय करून राह्यली ते दिसतंय मला. पान पलट. अर्ध्या तासापासून एकच पान हाय."

मार्चमधली ती सकाळची गाडी! रुळाच्या दोन्ही बाजूंना गव्हाची काढणी चाललेली, पिवळं रान, मधेच एखादा पळस असा पेटलेला की पाठ केलेलं सगळं विसरावं. खिडकीतून येणारा वारा रांजणीपर्यंत गार आणि कोडीच्या पुढं कोमट. गजांना हात लावला की त्यांचा वास बोटांना लागायचा. तोच हात पुढं तीन तास उत्तरपत्रिकेवर फिरायचा. आणि जालना आलं की ती उतरण्याची घाई, ती ढकलाढकली, पुलाच्या पायऱ्यांवरचे धडाधडा पाय! वस्तीवर मी 'आबाची पोरगी' होते. जालन्याच्या प्लॅटफॉर्मवर पाऊल पडलं की मी कुणाची कुणी नव्हते, मी टी.वाय.बी.एस्सी. होते. एवढ्याशा दगडी फलाटावर माणूस बदलतो, हे मी रोज सकाळी अनुभवलंय. म्हणून तर अजून पुलावर थांबते. लोक बदलताना बघायला.

आता शेवटच्या वर्षाच्या शेवटच्या पेपराचं सांगते, कारण मार्चच्या सगळ्या आठवणी फिरून फिरून तिथंच येतात.

आमच्या घरात एक करार झालेला होता. माझे थोरले चुलते, तात्या, घरातले कर्ते. त्यांनी कुंभार पिंपळगावचं एक स्थळ बघून ठेवलं होतं. माणसं चांगली होती, त्यांना नावं ठेवायचं काही कारण नाही. तात्यांचं म्हणणं एवढंच, "तीन वर्षं म्हणल्तास, तीन वर्षं दिले. आता एकबी दिवस जास्तीचा न्हाई." आबा म्हणाले होते, "डिग्री हातात येऊ दे." त्यावर तात्या, "आली तर आली. आन एखादा पेपर राह्यला, तर पुन्हा वर्ष न्हाई. राह्यलं तिथं राह्यलं." आबांनी मान हलवली होती. म्हणजे शेवटचा पेपर दिला आणि पास झाले तर मी पदवीधर. एक जरी पेपर बुडाला तर बी.एस्सी.ला बसलेली, पण न झालेली, कुंभार पिंपळगावची सून. मला हे पाठ होतं, प्रकाशसंश्लेषणापेक्षा जास्त पाठ.

आमची वस्ती रुळापासून हाकेच्या अंतरावर, परतूर स्टेशनच्या पाच-सात किलोमीटर अलीकडं, जालन्याच्या बाजूला. आबा मला रोज मोटारसायकलवर परतूरला सोडायचे. पण निघायचं कधी? घड्याळ बघून नाही. आमचं घड्याळ म्हणजे एक्स्प्रेस. लाइन एकेरी होती, एका वेळी एकच गाडी जाणार. जालन्याकडून एक्स्प्रेस यायची आणि समोरून, सेलूकडून, आमची पॅसेंजर. एक्स्प्रेसचा मान मोठा, म्हणून पॅसेंजरला कुठल्या तरी स्टेशनात बाजूच्या रुळावर उभं करायचे, एक्स्प्रेस निघून गेली की हिला सोडायचे. याला आम्ही क्रॉसिंग म्हणायचो. आमची पॅसेंजर रोज उशिरा, त्यामुळं क्रॉसिंग रोज परतूरच्याही पलीकडं व्हायची. म्हणजे काय, तर एक्स्प्रेस आमच्या वस्तीजवळून धडधडत गेली की आबा चहाची कपबशी खाली ठेवायचे.

"गेली बघ. चल."

आरामात निघायचं, परतूरला पोचायचं, पाच मिनिटांत पॅसेंजर यायची. तीन वर्षांत एकदा चुकलं नाही. आबांना त्याचा फार अभिमान. "मला टायमटेबल लागत न्हाई," म्हणायचे. मेंढरांमागं फिरलेला माणूस, कुठलं मेंढरू कुठं आहे ते अंधारात घंटीवरून सांगायचा. मेंढरं गेली, पण कान राहिला.

त्या दिवशी सकाळी शेजारच्या रानात गव्हाचं मळणी यंत्र चालू होतं. भुसकटाचा ढग आणि कानठळ्या बसवणारी घरघर. मी ओट्यावर बसून शेवटची उजळणी करत होते. त्या घरघरीत खालून रूळ थरथरल्याचा आवाज आला. आबांनी कपबशी ठेवली.

"गेली बघ एक्स्प्रेस. चल."

आम्ही निघालो. आईनं हातावर दही दिलं. आबांनी वाटेत गाडी थांबवून एका ओळखीच्याला रामरामही केला. इतकं निवांत.

परतूर स्टेशनवर कुणीच नव्हतं. फलाट झाडून ठेवल्यासारखा. झाडणाऱ्या मावशी झाडूवर हनुवटी टेकवून उभ्या होत्या. त्यांनी आमच्याकडं बघितलं.

"अगं माय, तू इथं कशी? तुझी गाडी तर गेली."

"कुठली गाडी?" आबा म्हणाले.

"पॅसेंजर. आज टायमावर आल्ती. लोक पळत पळत चढले. निम्मे राह्यले, ते आत्ताच जीप करून गेले."

आबा रुळाकडं बघत उभे राहिले, आणि मला दिसलं की त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हिशेब लागतोय. वस्तीजवळून गेली ती एक्स्प्रेस नव्हतीच. ती आमची पॅसेंजर होती. आमच्या दारावरून आमचीच गाडी जालन्याला गेली, आणि तिचा आवाज ऐकून आम्ही तिला पकडायला उलट्या दिशेला निघालो होतो.

आज सांगताना मला हसू फुटतं. ही चूक फक्त आम्हीच करू शकलो असतो. घड्याळावर चालणारा माणूस रोज वेळेवर येऊन उभा राहिला असता आणि तासभर बोंबलत बसला असता, पण त्या एका दिवशी त्याला गाडी मिळाली असती. आम्ही गाडीला इतकं ओळखून होतो की ती शहाण्यासारखी वागेल हे आमच्या ध्यानीमनी नव्हतं.

आबांच्या खिशातला बटणांचा मोबाईल वाजला. आधीचे सहा मिस कॉल, सगळे नसीम आपांचे. मी उचलला.

"कुठं हाईस गं तू?"

"परतूरला. आपा, गाडी..."

"रडू नको. रडायचं संध्याकाळी. ऐक. आज आमची गाडी टाइमपे हाय, आणि एक्स्प्रेस अजून जालन्याहून निघाली न्हाई. गार्डला विचारलं मी. क्रॉसिंग आज रांजणीला पडणार. तिथं आम्हाला बाजूच्या रुळावर टाकणार आणि एक्स्प्रेस जाईस्तोवर सोडणार न्हाईत. तुझ्या वडिलांना म्हणावं, रांजणी. जल्दी!"

मी फोन ठेवून आबांना म्हणाले, "रांजणी."

आबांनी किक मारली.

रांजणीला सडकेनं जायचं तर मोठा वळसा. पण आबांचं सगळं लहानपण या रुळाच्या कडेनं मेंढरं चारण्यात गेलेलं. कुठली पांदण कुठं निघते, कुठला ओढा मार्चमध्ये उथळ असतो, कुठल्या बांधावरून गाडी जाते, सगळं अंगात. आम्ही पुन्हा आमच्या वस्तीवरून गेलो. आई ओसरीत होती, तिच्या तोंडाला पदर गेला. आबा थांबले नाहीत, नुसते ओरडले, "रांजणी!" जसं काय त्यात सगळं आलं. मग गव्हाचं खळं, मोसंबीचा मळा, ओढा, धूळ, पुन्हा मळा. मोसंबीच्या पाडाला आलेल्या फळांचा वास, माझ्या दातांत भुसकट. मागं बसून मी एका हातानं आबांचा खांदा धरला होता आणि दुसऱ्या हातानं पिशवी, आणि खरं सांगते, भीती होती, पण भीतीच्या खाली कुठंतरी भलताच आनंद होता. माझा बाप माझ्या पेपरासाठी धोतराचा सोगा खोचून ओढ्यातून मोटारसायकल घालत होता! असलं दृश्य आमच्या खानदानात आधी कुणी पाहिलं होतं?

"बीजाची काय ती... काय असती ती?" आबा मधेच ओरडले.

"काय?"

"काल घोकत होतीस. झोपलेलं बी."

"सुप्तावस्था!"

"हां. ती म्हण. म्हणत राह्य. विसरशील."

मी म्हणत राहिले. खाचखळग्यांत, मोठ्यानं. एका मळ्यातले दोन गडी काम सोडून आमच्याकडं बघत राहिले.

रांजणीच्या अलीकडं फाटक लागलं, आणि ते बंद होतं. फाटक बंद म्हणजे एक्स्प्रेस येणार. एक्स्प्रेस गेली की आमची पॅसेंजर सुटणार. स्टेशन दिसत होतं, गाडी दिसत होती, आमच्याच अंगाच्या बाजूच्या रुळावर उभी. फलाट पलीकडं होता, पण आमच्या अंगानं नुसतं रान. मधे बाभळी आणि त्यांच्यातून गेलेली, ओळखू न येणारी एक पायवाट.

"ही मेंढराची वाट," आबा म्हणाले आणि सडक सोडली.

गाडी जाईल तिथवर त्यांनी नेली. पुढं खडी लागली. मी उडी मारली आणि पळाले. तिसरा डबा! उलट्या बाजूचं दार आधीच उघडून ठेवलेलं, दारात पांढरे बूट. फलाट नसला की डब्याची पायरी छातीपर्यंत येते, हे ज्यानं तसं चढून बघितलंय त्यालाच ठाऊक.

"पिशवी दे आधी! हात दे! दुसरा पण!"

आपांनी एक हात धरला, बँकेतल्या मॅडमनी दुसरा, आणि गेल्या वर्षी दुसऱ्या डब्यात पळालेले तेच तलाठी साहेब खाली वाकून माझी पिशवी ओढत होते. मी गुडघा खरचटून आत पडले, आणि तेवढ्यात पलीकडच्या बाजूनं एक्स्प्रेस आली. सगळा डबा थडथडला. खिडक्यांतून तिचे डबे असे सटासट गेले की मोजता येईनात. मग एकदम शांत. आणि आमची गाडी हलली.

बाभळीत आबा मोटारसायकल धरून उभे होते. मी हात केला. त्यांनी मला बघितलं की नाही ते कळलं नाही.

डब्यात कुणी काही बोललं नाही. रिवाज तो रिवाज. कुणीतरी खिडकी सोडली. कुणीतरी पाणी दिलं. आपांनी माझ्या गुडघ्याला त्यांच्या पर्समधली पट्टी लावली आणि हळूच म्हणाल्या, "नजर किताबात." मी पुस्तक उघडलं. अक्षरं नाचत होती. तरी मी पान पलटत राहिले, कारण त्या बघत होत्या.

हल्लीच्या पोरांच्या मोबाईलमध्ये गाडी कुठं आहे ते दिसतं. लाल ठिपका, पिवळा ठिपका. माझ्या भाच्याला मी हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "आत्या, ॲप बघायचं ना." चांगलंच आहे. आमच्यासारखं व्हायला नको कुणाचं. पण एवढंही वाटतं, की ज्या गाडीची वाट बघताना कान लावून बसावं लागतं तिची आणि आपली सोयरीक वेगळी होते.

पेपर दहाचा, आणि रांजणीच्या खोळंब्यामुळं जालन्याला उतरले तेव्हा दहाला काही मिनिटंच कमी होती. पुलाच्या पायऱ्या मी कशा चढले? आजही पुलावर उभी राहिले की पायांना ती घाई आठवते. कॉलेजपर्यंत पळत. वर्गात पेपर वाटून झाले होते. पर्यवेक्षक सरांनी माझ्या गुडघ्याकडं बघितलं, धुळीनं पांढऱ्या झालेल्या केसांकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं आणि बाक दाखवला. मी बसले. तिसरा प्रश्न बीजाच्या सुप्तावस्थेवर होता. मी तो असा लिहिला, असा लिहिला, की पुरवणी घ्यावी लागली.

पेपर झाला आणि आम्ही सगळ्या मैत्रिणी उन्हात नुसत्या फिरलो. उसाचा रस प्यायलो, बाजारात बांगड्या बघितल्या, घेतल्या नाहीत. तीन वर्षांचं ओझं उतरलं की माणूस असा बिनकामाचा फिरतो. पाचच्या गाडीसाठी मी साडेचारला स्टेशनवर आले. पुलावरून खाली बघितलं तर प्लॅटफॉर्मवरच्या लिंबाखालच्या बाकावर एक पांढरी टोपी.

आबा.

हातात प्लॅटफॉर्म तिकीट चुरगळून ओलं झालेलं. धोतरावर ओढ्याचा चिखल वाळलेला. मी जिना उतरून पळत गेले. ते उठले नाहीत. मी समोर उभी राहिल्यावर त्यांनी मान वर केली आणि विचारलं,

"बसू दिलं का आत?"

"दिलं की."

"समदा लिव्हला?"

"सगळा. पुरवणी घेतली."

त्यांनी पुरवणी म्हणजे काय ते विचारलं नाही. सरकून मला जागा केली.

"तुम्ही कधी आलात?"

"मघाशीच. दहा-साडेदहाला."

"सकाळी? आबा, तवापासून इथंच?"

"आपाचा फोन आल्ता, उतरली म्हणून. पण आत घेतलं का न्हाई ते तिला तरी कुठं ठावं? घरी जाऊन तात्याला काय सांगू, गाडीत चढली? तेवढ्यानं काय व्हतंय. कॉलेज कुठं ते मला ठावं न्हाई. म्हनलं, पोरगी येईन तर टेशनालाच येईन."

"काही खाल्लं का?"

"फुटाणे. तुमचे ते चाचा हायेत ना, त्यांनी दिले. मी म्हनलं, आमची पोरगी पेपरला गेलीय. तर वरून मूठभर जास्ती टाकले."

आम्ही बसलो. पलीकडच्या रुळावर मालगाडी लागली होती, तिच्यावर कबुतरं. कुठंतरी घोषणा चालू होती, आधी मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. आबा तिन्ही वेळा सारख्याच लक्षपूर्वक ऐकत होते. अप-डाऊनवाले एकेक करून जमायला लागले होते, दवाखान्यातले, कोर्टातले, डोळ्यांवर दिवसभराचा शीण आणि हातात डबा.

"माझा कान चुकला," आबा म्हणाले.

"मळणी यंत्र चालू होतं, आबा."

"न्हाई. यंत्राचं काही न्हाई. ती कधी वेळेवर येईन, असं मला कधी वाटलंच न्हाई. जे वाटत न्हाई ते माणसाला ऐकूबी येत न्हाई." मग ते रुळांकडं बघत बसले, जालन्याच्या पुढं, औरंगाबादकडं जातात त्या रुळांकडं. तिकडं आमच्या घरातलं कुणी कधी कामाशिवाय गेलेलं नव्हतं.

"मंग," ते म्हणाले, "आता याच्या पुढं काय असतंय?"

"कशाच्या पुढं?"

"या डिग्रीच्या. ही झाली समज. हिच्या पुढं काय शिकत्यात लोकं?"

तीन वर्षं मी बी.एस्सी.च्या शेवटच्या पेपरापर्यंतचाच विचार केला होता. त्याच्या पुढं काय असतं, कुठं असतं, किती वर्षांचं असतं, त्याला कुठली गाडी लागते, मला खरोखर माहीत नव्हतं. विचारायचं कुणाला? आमच्या घरात तर मीच सगळ्यात जास्त शिकलेली होते.

"विचारून सांगते," मी म्हणाले.

"मंग जल्दी विचार. सांजच्याला तात्या ओट्यावर बसलेला असन. त्याला बराबर नाव सांगावं लागन, त्या शिक्षणाचं."

मी उठले. पुलाच्या पायऱ्यांवरून पांढरे बूट खाली येत होते. मी पळत सुटले.